आकाशगंगा, दीर्घिका की मंदाकिनी?

अमळनेरच्या एका शिक्षिकांनी विचारलं आहे : ‘एका पुस्तकात आकाशगंगा, दुसऱ्यात दीर्घिका, तिसऱ्यात मंदाकिनी असं येतं. हे एकच की वेगवेगळं? आणि “अब्जावधी आकाशगंगा” म्हटलं तर चुकतं का?’

ताई, हे तिन्ही शब्द अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाच्या एकाच ओळीत शेजारी शेजारी आहेत : ‘मन्दाकिनी वियद्गङ्गा स्वर्णदी सुरदीर्घिका’. वियत् म्हणजे आकाश. चारही नावं स्वर्गातल्या गंगेचीच. नुसती ‘दीर्घिका’ म्हणजे लांबट तळं. आधी ‘सुर’ लागला की ते देवांचं. मुळात भेद नव्हताच, कारण डोक्यावरचा दुधाळ पट्टा एकच होता. १६१० साली गॅलिलिओने दुर्बिणीतून त्यात असंख्य तारे दाखवले, तरी तो एकच राहिला.

अडचण आली १९२३-२४ मध्ये. देवयानी तारकासमूहातला धूसर ठिपका हे आपल्या पलीकडचं स्वतंत्र तारकाविश्व आहे, हे खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने सिद्ध केलं. आजच्या मोजणीने ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. आता अनेकवचन लागणारच होतं, आणि मराठी विज्ञानलेखनात ‘दीर्घिका’ हा शब्द जातिवाचक म्हणून रुळला. तापी, गिरणा, पांझरा या नद्या आहेत, पण खानदेशात ‘तीन तापी’ आहेत असं आपण म्हणत नाही. नाशिककर गोदावरीलाही गंगा म्हणतात, तेव्हा ‘अब्जावधी आकाशगंगा’ला मी चूक म्हणणार नाही. पण वर्गात ‘अब्जावधी दीर्घिका’च म्हणावं, असं मला मनापासून वाटतं.

कारण मुलांचा खरा गोंधळ पुढे होतो. ‘आकाशगंगा’ म्हणजे दिसणारा पट्टा, की ताऱ्यांची अख्खी व्यवस्था? ध्रुव तारा पट्ट्यात नाही, पण व्यवस्थेत आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा प्रत्येक सुटा तारा तिच्यातलाच. ही व्यवस्था म्हणजे सुमारे एक लाख प्रकाशवर्षं व्यासाची चपटी, सर्पिल तबकडी. तिच्यात निदान दहा हजार कोटी तारे आहेत. आपण तबकडीच्या आतूनच तिच्याकडे पाहतो, म्हणून ती पट्ट्यासारखी दिसते. सूर्य केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि एका फेरीला त्याला वीसेक कोटी वर्षांहून जास्त लागतात. केंद्र धनू राशीच्या दिशेला आहे. तिथे सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. ऑक्टोबरात, चांदणं नसताना, तोरणमाळसारख्या अंधाऱ्या ठिकाणी मुलांना न्या. अंधार पडल्यावर पट्टा नैर्ऋत्येकडून माथ्यावर चढलेला दिसेल. त्या नैर्ऋत्य टोकाकडेच केंद्र आहे.

तेव्हा माझी वाटणी अशी : पट्टा ‘आकाशगंगा’, व्यवस्था ‘आपली आकाशगंगा’ किंवा ‘मंदाकिनी’, आणि जात ‘दीर्घिका’. ‘देवयानी दीर्घिका’ म्हणा, ‘देवयानी आकाशगंगा’ नको. लिहिताना ‘दी’ दीर्घ, ‘र्घि’ ऱ्हस्व. प्रत्यय लागल्यावर ‘दीर्घिकेत’, अनेकवचनी ‘दीर्घिकांमध्ये’.