पीयर्सला काय घालून जायचं? आधी बर्फ कुठला ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बॉस्टनला येऊन पहिलाच हिवाळा, फेब्रुवारीत दोघांनी न्यू हॅम्पशायरमधला माउंट पीयर्स करायचाय, सह्याद्रीत भरपूर भटकंती झालीय, उत्तराखंडातला केदारकंठाही डिसेंबरात झालाय, आणि आता मायक्रोस्पाइक्स, स्नोशूज (बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी), क्रॅम्पॉन्स यांतलं एकच काही घ्यायचं तर काय घ्यावं?

एकच घ्यायचं तर मायक्रोस्पाइक्स. पण फेब्रुवारीत तिथे एकावर भागत नाही. का भागत नाही हे कळलं की पुढच्या डोंगराच्या वेळी हा प्रश्न पडणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोंधळ मिटवू. केदारकंठ्याला 'क्रॅम्पॉन्स वापरले होते' असं तुम्ही लिहिलंय. सांक्रीत, तिथल्या पायथ्याच्या गावात, भाड्याने मिळतं ते, म्हणजे रबरी पट्टा, त्याला खाली साखळ्या आणि साखळ्यांना छोटे दात. तिकडे सगळे त्याला क्रॅम्पॉनच म्हणतात, पण ते मायक्रोस्पाइक्स. खरा क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली बांधायचा धातूचा सांगाडा, त्याला इंचभर लांब १० किंवा १२ सुळे, आणि त्यातले दोन बुटाच्या पुढे आलेले. इथल्या दुकानात 'मला क्रॅम्पॉनची सवय आहे' म्हणालात तर समोरचा तुम्हाला गिर्यारोहक समजून भलतंच काहीतरी काढून दाखवेल.

दुसरा गोंधळ आपल्या भाषेने केलेला. फ्रीजरमधला तोही बर्फ, गोळेवाला किसतो तोही बर्फ, आभाळातून पडतो तोही बर्फ. डोंगरात एवढ्यावर चालत नाही. व्हाइट माउंटन्समध्ये, म्हणजे पीयर्स ज्या डोंगररांगेत आहे तिथे, मी निदान चार जाती धरतो. एक, शेकडो बुटांनी तुडवून घट्ट झालेला, वाटेवरचा. दोन, ताजा भुसभुशीत, पिठीसाखरेसारखा, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. तीन, काच: झऱ्याचं पाणी वाटेवर पसरून गोठलेलं, कधी निळसर, कधी चहाच्या रंगाचं. आणि चार, ट्रीलाइनच्या (झाडं संपतात त्या उंचीच्या) वर वाऱ्याने थापटून थापटून कडक केलेला, ज्यावर बुटाची टाचही रुतत नाही. घट्ट वाटेला मायक्रोस्पाइक्स, भुसभुशीत बर्फाला स्नोशूज, चौथ्या प्रकाराला उतार असेल तर क्रॅम्पॉन्स. काच सपाट असेल तर मायक्रोस्पाइक्स चालतात, उभी असेल तर नाही. डोंगराचं नाव किंवा उंची यात कुठेच येत नाही. पायाखाली आज, या तासाला काय आहे, एवढंच बघायचं.

मायक्रोस्पाइक्सबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही वापरलेत. काहतूला कंपनीच्या जोडीत प्रत्येक पायाला १२ दात असतात, साधारण सेंटिमीटरभर लांबीचे. हिलसाउंडचे दात त्याहून थोडे लांब. दोन्ही चांगले. मात्र दातांऐवजी स्प्रिंगचे वेटोळे असलेला स्वस्त प्रकार बॉस्टनच्या फुटपाथसाठी ठीक आहे, डोंगरात नेऊ नका. साइज निवडताना थंडीचे जाड बूट बरोबर घेऊन जा. नेहमीच्या ट्रेकिंग शूजच्या मापाने घेतले तर ऐन गारठ्यात ताठ झालेलं रबर त्या बुटावर ओढता ओढता बोटं बधिर होतात. मर्यादा दोन. भुसभुशीत बर्फात त्यांचा काडीचाही उपयोग नाही, पायाबरोबर साखळीही खाली जाते, बस. आणि तापमान शून्य सेल्सिअसच्या आसपास आलं की ओला बर्फ साखळीला चिकटून तळव्याखाली लाडू वळायला लागतात. दर दहा पावलांनी ट्रेकिंग पोलने बुटाला टपली मारत चालायचं, दुसरा उपाय नाही.

आता स्नोशूज. लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे, आणि पैसेही इथेच जास्त जातात.

तत्त्व सोपं आहे. तुमचं वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरतं, म्हणून पाय कमी रुततो. अजिबात रुतत नाही असं नाही. ताज्या बर्फात स्नोशूजसुद्धा सहा-आठ इंच खाली जातात. साइज ठरवताना वजन धरायचं ते सॅक, पाणी, जाड कपडे, बूट सगळ्यासकट. हिवाळी सॅक सहज २० पौंडांची होते, ती विसरू नका. पण वजन जास्त म्हणून सरळ ३० इंची मोठे स्नोशूज उचलू नका. पीयर्सची वाट झाडीतून जाते, वळणं अरुंद, मध्ये आडवी खोडं. लांब स्नोशूज तिथे एकमेकांवर पडतात आणि आपण तोंडावर. आधी बनलेल्या वाटेवर २२ ते २५ इंच बहुतेकांना पुरतात. काही प्लास्टिकच्या स्नोशूजना मागे जोडायची शेपटी वेगळी मिळते, खोल बर्फ असेल त्या दिवशीच लावायची. मला ही सोय आवडते.

साइजपेक्षा महत्त्वाची गोष्ट खालच्या बाजूला असते. दुकानात स्नोशू उलटा करून बघा. फक्त बोटांखाली दात आणि बाकी गोल नळीची चौकट असेल तर तो गोल्फच्या मैदानावर फिरायचा स्नोशू. डोंगराच्या कुशीतून आडवं जाताना तो सरळ खाली घसरतो. चौकटीच्या किंवा बुडाच्या दोन्ही बाजूंना लांबलचक दातेरी पट्ट्या हव्यात. एमएसआर कंपनीच्या लायटनिंग असेंटमध्ये तर चौकटच दातेरी पट्टीची आहे. महाग आहेत, पण इथल्या उभ्या वाटांवर फरक कळतो. दुसरं, टाचेखाली उभी करायची तार. चढ लागला की ती वर करायची, टाच तिच्यावर टेकते आणि पोटरी ताणली जात नाही. पायऱ्या चढल्यासारखं वाटतं. ही तार नसलेले स्नोशूज फुकट मिळाले तरी मी पीयर्सला नेणार नाही. तिसरं, बंध. दुकानातच हातमोजे घालून ते लावून-काढून बघा. सेल्समन हसेल, हसू दे.

चालायला शिकायला दहा मिनिटं लागतात. पाय जरा फाकवून टाकायचे, उतरताना गुडघे सैल ठेवायचे, आणि मागे मागे चालायचं नाही, शेपटी रुतते आणि माणूस बसतो. वळायचं असेल तर छोट्या पावलांनी गोल फिरा. दुसऱ्या दिवशी खुब्याजवळचे स्नायू दुखतील, एरवी ते कामालाच लागत नसतात.

स्नोशूज स्वतःपुरते नसतात, हेही सांगायला हवं. भुसभुशीत वाटेवर नुसत्या बुटांनी गेलात तर मागे मांडीएवढे खड्डे राहतात. रात्री ते गोठतात आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्याचा घोटा मुरगळायला तयार. इथे याला पोस्टहोलिंग म्हणतात आणि असे खड्डे पाडणाऱ्याला लोक भर वाटेवर ऐकवतात. जवळच्या न्यूयॉर्क राज्यात ॲडिरॉन्डॅकच्या हाय पीक्स भागात तर ८ इंच किंवा जास्त बर्फ असेल तर स्नोशूज किंवा स्की घालणं सक्तीचं आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये तसा नियम नाही, पण रीत तीच.

माझी स्वतःची फजिती सांगतो. मार्च महिना, माउंट लाफायेतला जाणारी ओल्ड ब्रायडल पाथ नावाची वाट. सकाळी पार्किंगमध्ये पारा १५ फॅरेनहाइट, वाट सिमेंटसारखी टणक. चार पौंडांचं ओझं कशाला, म्हणून स्नोशूज डिकीत ठेवले आणि मायक्रोस्पाइक्सवर मजेत वर गेलो. दुपारी ऊन तापलं. हिवाळाभर तुडवलेल्या वाटेचा तोवर उंच अरुंद बांध झालेला असतो, इथले लोक त्याला मोनोरेल म्हणतात. उतरताना तो बांधच ढासळायला लागला. एक पाऊल बाजूला पडलं आणि बर्फाखाली गाडलेल्या स्प्रूस झाडांच्या फांद्यांमधल्या पोकळीत कमरेपर्यंत गेलो. बूट फांदीत अडकला. हाताने उकरून पाय काढला, चार पावलांवर परत तेच. शेवटच्या एका मैलाला दोन तास लागले, आणि स्नोशूज खाली गाडीत आरामात. तेव्हापासून पार्किंगमधली वाट बघून मी काही ठरवत नाही. सकाळचा बर्फ आणि दुपारचा बर्फ एक नसतो.

क्रॅम्पॉन्स या वेळी घेऊ नका. पीयर्सच्या नेहमीच्या वाटेवर ते सहसा लागत नाहीत. फ्रँकोनिया रिज, माउंट वॉशिंग्टन अशा उघड्या धारांवर जायला लागाल तेव्हा घ्या, आणि आधी बूट बघा, कारण मागून कडीने बसणाऱ्या क्रॅम्पॉनला बुटाच्या टाचेवर खाच लागते आणि तळवा कडक लागतो. मऊ बुटाला फार तर पट्ट्यांनी बांधायचे चालतात. सवय नसताना त्यांचे सुळे स्वतःच्याच गेटरमध्ये (बुटावरून पोटरीपर्यंत घालायच्या आवरणात) अडकून माणूस पडतो. उभ्या कडक उतारावर क्रॅम्पॉनच्या जोडीला आइस ॲक्स, म्हणजे बर्फात रोवायची कुदळ, हीही हवी, आणि घसरल्यावर तिने स्वतःला कसं थांबवायचं हे कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकायला हवं. व्हिडिओ बघून ते येत नाही. एक सूचना मात्र आत्ताच: उतरताना लोक बसून घसरगुंडी करतात, तुम्हालाही मोह होईल. पायात क्रॅम्पॉन किंवा स्पाइक्स असताना ते करू नका. दात अडकतो, अंग पुढे जातं, घोटा मोडतो.

तर पीयर्सचा दिवस कसा जाईल? उंची ४,३०० फुटांच्या जरा वर, जाताना ३ मैलांहून थोडं जास्त, चढ साधारण २,४०० फूट. वाट क्रॉफर्ड पाथ. १८१९ साली क्रॉफर्ड बापलेकांनी काढलेली, आणि सतत वापरात असलेली अमेरिकेतली सगळ्यात जुनी डोंगरवाट म्हणून ओळखली जाते. पीयर्सपर्यंत ती जवळजवळ सगळी झाडीतून जाते, म्हणून हिवाळ्यात पहिला चार-हजारी (चार हजार फुटांवरचा डोंगर) करायला लोक हाच निवडतात. शनिवार-रविवारी वाट तुडवलेली असेल तर खालपासून मायक्रोस्पाइक्स, स्नोशूज सॅकला बांधलेले. आदल्या रात्री बर्फ पडला असेल किंवा बुटाचा ठसा दोन-तीन इंचांपेक्षा खोल उमटत असेल, तर तिथेच थांबून स्नोशूज चढवा. पुढे बघू म्हणत रेटायचं नाही. आपल्याकडे घसाऱ्यावर आपण काय करतो, घसरायला लागल्यावर आधार शोधत नाही, आधी बघून ठेवतो. तसंच.

शेवटची काही मिनिटं उघड्यावर आहेत. तिथे वारा लागतो, आणि तिथूनच पुढे माउंट आयझेनहॉवरचा घुमट बोलावत असतो. पहिल्या खेपेला जाऊ नका, पुढची वाट बरीचशी उघडी आहे. हीच धार पुढे माउंट वॉशिंग्टनला जाते, जिथे १२ एप्रिल १९३४ ला ताशी २३१ मैल वारा मोजला गेला होता. तिथल्या वेधशाळेचा उंच शिखरांसाठीचा वेगळा अंदाज रोज प्रसिद्ध होतो. फोनमधलं खालच्या गावाचं हवामान बघून निघू नका. हेडलॅम्प दोघांचा वेगळा घ्या, पोलना रुंद चकत्या लावा, आणि राज्याचं २५ डॉलरचं हाइक सेफ कार्ड काढा. सुटकेची वेळ आलीच तर निष्काळजीपणाचा खर्च अंगावर येत नाही. मुद्दाम बेदरकारपणा केलात तर मात्र कार्ड वाचवत नाही.

पैशाचं म्हणाल तर मायक्रोस्पाइक्स विकत घ्या, ते बॉस्टनच्या रस्त्यावरही वापराल. स्नोशूज पहिल्या दोन-तीन वेळा भाड्याने घ्या, दर वेळी वेगळ्या प्रकारचे, मग आवडले ते एप्रिलमधल्या सेलमध्ये उचला. बूट उबदार आणि वॉटरप्रूफ हवेत. केदारकंठ्याचे ट्रेकिंग शूज दोन मोज्यांवर चालवायचा विचार असेल तर सोडा, घट्ट बुटात रक्त खेळत नाही आणि बोटं आणखी गार पडतात.

दोघांची सॅकसकट वजनं आणि बुटाचं मॉडेल इथेच लिहा, म्हणजे स्नोशूजचा साइज सांगता येईल. तुम्हा दोघांच्या वजनात ३०-४० पौंडांचा फरक असेल तर दोघांना एकच साइज घेऊ नका.