'झेन ह्वान'मधला सूड कळत नसेल, तर माणसांपेक्षा वस्तूंवर नजर ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'झेन ह्वान झ्वान', म्हणजे परदेशात 'एम्प्रेसेस इन द पॅलेस' नावाने दाखवली गेलेली चिनी मालिका बघायला घेतली, बारा भाग झाले. राण्या एकमेकींना ताई ताई म्हणतात, गोड बोलतात आणि अचानक कोणाचा तरी जीव जातो. कोण कोणावर का उलटलं ते कळत नाही. प्रेमकथा म्हणून सुरू केली होती, पुढे बघू की सोडू?

सोडू नका. मात्र बघायची पद्धत बदला. पुढे शेवटापर्यंतचं कथानक उघड केलं आहे, ते नको असेल तर पदांबद्दलचे पहिले दोन-तीन परिच्छेदच वाचा.

मालिका २०११ची. दिग्दर्शक झेंग श्याओलोंग. ७६ भाग, प्रत्येक साधारण पाऊण तासाचा, म्हणजे एकूण ५७ तास. मूळ कादंबरी लिउ ल्येनझी या लेखिकेची आणि तिथे राजघराणं काल्पनिक आहे. मालिकेने ती गोष्ट उचलून छिंग घराण्याच्या योंगझेंग सम्राटाच्या दरबारात बसवली. त्याची कारकीर्द १७२२ ते १७३५, म्हणजे आपल्याकडे थोरले बाजीराव पेशवे होते तो काळ. २०१५ साली नेटफ्लिक्सवर दीड-दीड तासाच्या सहा भागांची आवृत्ती आली होती. ती बघू नका. ५७ तासांचे ९ तास करताना वस्तू गळतात आणि या मालिकेत वस्तू गळली की कारणच गळतं.

आधी पदं समजून घ्या, नाहीतर निम्मे संवाद डोक्यावरून जातात. सर्वांत वर सम्राज्ञी, एकच. तिच्याखाली ह्वांग-ग्वेइफेइ एक, ग्वेइफेइ दोन, फेइ चार, पिन सहा. त्याखाली ग्वेइरेन, छांगझाय आणि दायिंग, यांना संख्येचं बंधन नाही. छिंग दरबाराच्या नियमांत प्रत्येक पदाचा वार्षिक तनखा ठरलेला होता. सम्राज्ञीला १००० ल्यांग चांदी (एक ल्यांग म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम), फेइला ३००, पिनला २००, ग्वेइरेनला १०० आणि दायिंगला अवघे ३०. दासीही तशाच मोजून: सम्राज्ञीला १०, ग्वेइरेनला ४, दायिंगला २. म्हणून एखादीला 'दायिंग' केलं, असं नुसतं एका वाक्यात येतं तेव्हा तिचं अन्न, कोळसा, कापड आणि वैद्य हे सगळं त्या वाक्यात गेलेलं असतं. हिवाळ्यात धुराचा कोळसा मिळणं ही तिथे शिक्षाच असते.

पिन ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी. त्या पदापासून पुढे बाई स्वतःच्या महालाची मुख्य होते आणि मूल स्वतः वाढवू शकते. त्याखालची कोणाच्या तरी महालात, कोणाच्या तरी मेहेरबानीवर राहते. तुम्ही पाहिलेल्या भागांतली त्साओ ग्वेइरेन आठवा. तिची लेक आजारी पडते ती खाण्यात मिसळलेल्या कसाव्याच्या पिठामुळे (ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच, नीट प्रक्रिया केली नाही तर विषारी), आणि ते ह्वा फेइ या सम्राटाच्या बलाढ्य राणीने करवलेलं असतं. आईला कळूनही ती गप्प बसते, कारण तिच्या डोक्यावरचं छप्पर ह्वा फेइचं आहे. त्साओ पुढे उलटते त्याचं बीज इथे आहे.

दुसरी खूण म्हणजे हिरव्या टोकाच्या पाट्या. रात्री तबकात राण्यांच्या नावाच्या पाट्या येतात, सम्राट एक उलटी करतो, तिला बोलावणं जातं. आजारी बाईची पाटी काढून ठेवतात. म्हणूनच नायिका झेन ह्वान सुरुवातीला वैद्य वेन शीछूच्या मदतीने आजारी असल्याचं दाखवून स्पर्धेबाहेर राहू शकते.

आता मुख्य गोष्ट. या मालिकेत कोणी तलवार काढत नाही. प्रेम, दगा आणि सूड तिन्ही वस्तूंतून फिरतात, धूप, मलम, वस्त्र, पाण्याचं भांडं यांतून. कोणी कोणाला काय दिलं ते लक्षात ठेवा. भेट देणं आणि तिचं फळ भोगणं यांच्यामध्ये अनेकदा बऱ्याच भागांचं अंतर असतं. प्रेक्षकाचा गोंधळ होतो तो तिथे.

सगळ्यांत क्रूर भेट ह्वान-यी धुपाची. सम्राट हा धूप फक्त ह्वा फेइला देतो, दुसऱ्या कोणालाही नाही. तिला ते प्रेमाचं चिन्ह वाटतं. महालात येणाऱ्या प्रत्येकीला तो वास येतो आणि तिची मान ताठ होते. त्यात कस्तुरी आहे. चिनी वैद्यकात गरोदर बाईला कस्तुरी वर्ज्य मानतात (नुसत्या वासाने वर्षानुवर्षं गर्भ राहू नये हे मालिकेने ताणलं आहे, पण कथेचा नियम म्हणून ते धरून चला). तिचा भाऊ न्येन गेंगयाओ बलाढ्य सेनापती. त्या घराण्याच्या रक्ताचा राजपुत्र सम्राटाला नको आहे. त्याआधी तिचा एक गर्भ पडलेला असतो, त्याचा आळ सम्राटाने दुआन फेइ या दुसऱ्या राणीवर जाऊ दिलेला असतो आणि ह्वा फेइने सूड म्हणून दुआन फेइला करडईच्या फुलांचा काढा जबरदस्तीने पाजून कायमचं वांझ केलेलं असतं. म्हणजे दोन बायका एकमेकींच्या वैरी आणि दोघींच्या कुशी उजाड करणारा माणूस तिसराच, जो दोघींकडे जेवायला येतो.

चाळिसाव्या भागाच्या थोडं पुढे न्येन घराणं बुडतं, ह्वा फेइ दायिंग होऊन एकाकी कोंडली जाते आणि झेन ह्वान तिला भेटायला जाते. हा प्रसंग सावकाश बघा. झेन ह्वान हात उगारत नाही. त्या धुपात काय होतं, एवढंच सांगते. ह्वा फेइने इतकी वर्षं सगळी दुष्टाई एका विश्वासावर केलेली असते की तो माझा आहे. तो विश्वास गेल्यावर ती भिंतीवर डोकं आपटून जीव देते, आणि तोंडी नाव असतं ते त्याचं. च्यांग शिन या अभिनेत्रीने ती शेवटची नजर अशी दिली आहे की खलनायिकेसाठी गलबलून येतं.

याच्या उलट, केसाने गळा कापणारी आन लिंगरोंग. राणीनिवडीच्या दिवशी ती गरीब घरची म्हणून हिणवली जाते, तेव्हा झेन ह्वान तिच्या केसांत फूल माळते. पुढे झेन ह्वानला मांजर ओरबाडतं आणि लिंगरोंग व्रणावर लावायला मलम देते. झेन ह्वान गरोदर असताना ते रोज लावते. मग ह्वा फेइ तिला उन्हात गुडघ्यावर बसवते, गर्भ पडतो आणि सगळे ह्वा फेइला दोष देतात. पण मलमातही कस्तुरी होती. पहिल्यांदा बघताना हे हमखास निसटतं, कारण उन्हातला प्रसंग फार ठळक आहे आणि मलमाची डबी फार छोटी. लिंगरोंगच्या मागे सम्राज्ञी आहे हे लक्षात आलं की मधले वीस भाग आपोआप उलगडतात.

प्रेमकथेबद्दल विचारलंत. पहिली प्रेमकथा एका वस्त्राने मोडते. झेन ह्वानला फेइ पद मिळण्याच्या दिवशी तिचं समारंभाचं वस्त्र खराब झाल्याचं कळतं. घाईत दुरुस्तीला आलेलं दुसरं एक वस्त्र तिला घालायला देतात. ते सम्राटाच्या दिवंगत पहिल्या पत्नीचं, छुनयुआनचं. सम्राट आधी क्षणभर भारावतो आणि मग भडकतो. तेव्हा तिला उमगतं की त्याचा जीव आपल्यावर नव्हताच, आपला चेहरा त्या मेलेल्या बाईसारखा आहे एवढंच. तिला दिलेली 'वान' ही पदवीसुद्धा तिची नव्हती. मागे जाऊन जिंगहोंग नृत्याचा प्रसंग बघा. ते नृत्य छुनयुआनचं होतं आणि सम्राटाच्या डोळ्यांत तेव्हाच ते दिसतं. झेन ह्वान मुलीला जन्म देते, तिला मागे ठेवते आणि कानलू मठात निघून जाते. मत्सरापेक्षाही हे दुःख वाईट. सवत जिवंत असती तर तिच्याशी झगडता तरी आलं असतं.

दुसरी प्रेमकथा मठात, सम्राटाचा धाकटा भाऊ युनलीसोबत, आणि ती खरी आहे. तो मेल्याची खोटी बातमी येते, ती गरोदर असते, आणि पोटातलं मूल वाचवायला ती सम्राटाला पुन्हा भुलवून महालात परतते. इथून मालिका सूडाची होते. झेन ह्वान झालेल्या सुन लीचा आवाज इथून बदलतो, वाक्यं आखूड होतात, हसू डोळ्यांपर्यंत पोचत नाही. या भूमिकेसाठी तिला २०१३ साली आंतरराष्ट्रीय एमीचं नामांकन होतं आणि ते याच भागांमुळे असावं असं मला वाटतं.

परतल्यावरचा सगळ्यांत नावाजलेला प्रसंग रक्तपरीक्षेचा. छी ग्वेइरेन आरोप करते की झेन ह्वानचा राजपुत्र वैद्य वेन शीछूचा. पाण्याच्या भांड्यात दोघांच्या रक्ताचे थेंब टाकतात, ते मिसळतात, सगळे हादरतात. झेन ह्वानला संशय येतो, तेव्हा कळतं की पाण्यात तुरटी आहे आणि त्या पाण्यात कोणाचंही रक्त कोणाच्याही रक्तात मिसळतं. (ही परीक्षाच मुळात निरर्थक आहे, साध्या पाण्यातही कोणाचंही रक्त मिसळतं.) इथे एक बारकी गोष्ट चुकवू नका. आरोप खोटा आहे, पण संशय खरा आहे. मूल सम्राटाचं नाहीच, फक्त त्यांनी बाप चुकीचा निवडला. आणि हा विजय फुकट मिळत नाही. निर्दोषत्व सिद्ध करायला वेन शीछू स्वतःला नपुंसक करून घेतो आणि ते ऐकून झेन ह्वानची जिवाभावाची मैत्रीण शेन मेइझ्वांग बाळंतपणात जाते, कारण तिच्या पोटातलं मूल त्याचं असतं.

सम्राज्ञीचा काटा काढणं सगळ्यांत अवघड, कारण राजमातेने मागे शब्द ठेवलेला असतो की उला-नारा घराण्याच्या सम्राज्ञीला पदच्युत करायचं नाही. झेन ह्वान टिकणार नाही असं वैद्याने सांगितलेला स्वतःचा गर्भ डावावर लावते, आळ सम्राज्ञीवर टाकते आणि साक्ष देते ती तिचीच लहान लेक. इथे पुष्कळ प्रेक्षक झेन ह्वानवर नाराज होतात, आणि ते योग्यच आहे. मालिकेलाही तेच दाखवायचं आहे: ती आता त्याच साधनांनी लढते ज्यांनी तिला मोडलं. त्याआधीच आन लिंगरोंग कडू बिया खाऊन मरताना एकच वाक्य सोडून जाते: सम्राज्ञीने सम्राज्ञीला मारलं. म्हणजे छुनयुआनला तिच्या धाकट्या बहिणीनेच, आताच्या सम्राज्ञीने मारलं. हे उघड झाल्यावरही सम्राट तिला काढू शकत नाही. जिवंतपणी किंवा मेल्यावर पुन्हा तोंड बघायचं नाही, एवढंच फर्मान.

हे सगळं इतिहास समजू नका. खऱ्या न्येन राणीला चार मुलं झाली, सगळी लहानपणीच गेली. ती १७२५च्या अखेरीस, भावाला आत्महत्येचा हुकूम मिळण्याआधीच वारली, तीही ह्वांग-ग्वेइफेइ म्हणून. झेन ह्वानचं मूळ असलेली न्योहुरू राणी कधी मठात गेली नाही. ती छ्यानलोंग सम्राटाची सख्खी आई, १७७७ पर्यंत जगली. युनली तर सम्राटानंतर तीन वर्षांनी, १७३८ साली वारला. पण एक धागा अस्सल आहे. युनलीला वारस नव्हता म्हणून योंगझेंगचा सहावा मुलगा त्याच्या घरी दत्तक गेला. सम्राटाचा मुलगा काकाच्या नावावर, ही इतिहासातली एक ओळ. मुलांच्या जन्माचं सगळं रहस्य या ओळीवर उभं राहिलेलं दिसतं.

शेवटी सम्राटाला युनलीचा संशय येतो आणि तो झेन ह्वानलाच विषारी दारू घेऊन पाठवतो. ती स्वतः प्यायची ठरवते, युनली पेले बदलतो. त्यानंतर तिच्याकडे गमावण्यासारखं काही उरत नाही. सम्राटाच्या मृत्युशय्येपाशी ती त्याला जे सांगते ते आवाज न चढवता सांगते.

शेवटचा भाग लावण्याआधी सुरुवातीचा झोपाळ्याचा प्रसंग एकदा परत बघा. जर्दाळूची फुलं झडताहेत, ती बासरी वाजवतेय आणि सम्राट पहिल्यांदा समोर येतो तेव्हा आपली ओळख लपवून सांगतो, मी युनली. मरणाऱ्या सम्राटाला झेन ह्वान त्याच दिवसाची आठवण करून देते, ते तेव्हा नीट ऐकू येईल.