बर्डची मिस्सा: आधी सगळ्यांच्या हातातली आवृत्ती एक करा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. इंग्लंडमधलं हौशी कॉयर (गायकवृंद), सोळाव्या-सतराव्या शतकातला इंग्लिश रचनाकार विल्यम बर्ड याची चार आवाजांची मिस्सा (कॅथलिक उपासनेत गायची रचना), सोप्रानो-आल्टोच्या, म्हणजे वरच्या दोन आवाजांच्या, प्रती एका पट्टीत, टेनर-बासच्या, म्हणजे खालच्या दोन आवाजांच्या, एक स्वर खाली, बार (स्वरलिपीतले रेषांनी पाडलेले खंड) नंबरांचा मेळ नाही, आणि स्कोअर (छापील स्वरलिपी) भाड्याने देणारं ऑफिस म्हणतं, "रचना तीच आहे, प्रती बरोबर आहेत." आमच्या कॉयरचंही अगदी हेच झालं होतं. (मी हौशी टेनर, संगीतशास्त्राचा अभ्यासक नाही. कॉयरमास्टरचा शब्द माझ्यापेक्षा वरचा माना.)

ऑफिस म्हणतं ते अर्धवट खरं आहे, म्हणूनच त्याचा इतका त्रास होतो. ही मिस्सा १५९२-९३च्या सुमारास लंडनमध्ये टॉमस ईस्टने छापली, तीही मुखपृष्ठाशिवाय, कारण इंग्लंडमध्ये कॅथलिक उपासनेला बंदी होती. प्रत्येक आवाजाची वेगळी पातळ वही. एकत्र स्कोअर नाही, बारच्या रेषा नाहीत. कागदावरच्या पट्टीला आजच्यासारखी ठरलेली उंचीही नव्हती. त्यामुळे आज जे बार दिसतात ते नंतरच्या संपादकाने घातलेले असतात. एक संपादक मूळ पट्टी ठेवतो, दुसरा आजच्या आवाजांना सोयीची म्हणून खाली आणतो, तिसरा स्वरांची लांबी निम्मी करतो. स्वरांवर बारीक टाइपात दिलेले शार्प-फ्लॅट (स्वर अर्ध्याने चढवण्या-उतरवण्याच्या खुणा) हे तर संपादकाचं मत. दोन्ही आवृत्त्या आपापल्या जागी बरोबर, पण एका तालमीत दोन्ही चालत नाहीत.

आम्ही हे त्या ऑफिसला पत्रांतून, फोनवरून परोपरीने सांगितलं. त्यांच्या यादीत संगीतकार आणि रचनेचं नाव एवढंच. संपादक कोण, हा रकानाच नाही. सगळा गठ्ठा आमच्या खर्चाने परत मागवला आणि बदलून पाठवला, तर त्यातही सरमिसळ. भाड्याची मुदत मात्र पहिल्या गठ्ठ्यापासून चालू! शेवटी कार्यक्रमातून क्रेदो (मिस्सामधला श्रद्धेची कबुली देणारा भाग) गाळावा लागला, आणि ते मला अजून सलतं. बर्ड राणी एलिझाबेथच्या चॅपल रॉयलमध्ये (राजदरबाराच्या उपासनेच्या गायकवृंदात) नोकरीला होता आणि स्वतः कॅथलिक होता. अँग्लिकन चर्चला न जाणाऱ्यांना दंड होत असे. त्या काळात, जमीनदारांच्या घरी गुपचूप होणाऱ्या उपासनेसाठी, त्याने "एत ऊनाम सांक्ताम कातोलिकाम" ("आणि एका, पवित्र, कॅथलिक" चर्चवर श्रद्धा) हे शब्द स्वरांत बांधले. बंदीच्या आधीचे इंग्लिश रचनाकार क्रेदोचा मजकूर सर्रास मध्येमध्ये गाळत. बर्डने तो पूर्ण घेतला. आणि तोच भाग आम्ही एका रकान्यापायी गाळला.

म्हणून सांगतो, ऑफिसशी भांडत बसू नका. कोरल पब्लिक डोमेन लायब्ररीच्या साइटवर याच मिस्साच्या मोफत आवृत्त्या आहेत. त्यातली एक निवडा आणि सगळ्यांना तीच फाइल द्या. संपादकाने मूळ पट्टी आणि स्वरांची मूळ लांबी कुठे बदलली हे लिहून ठेवलं असेल, तर ती आवृत्ती घ्यावी, असं माझं मत. बर्डला जाऊन ४०० वर्षं झाली, पण आवृत्तीवर संपादकाचा हक्क असू शकतो. छापण्यापूर्वी तिथल्या अटी वाचा.

पट्टी उतरते म्हणालात, त्याबद्दल थोडं. तालमीत पियानोवर अख्खे कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरसमूह) धरून ठेवू नयेत, असं मी ठामपणे म्हणेन. तुम्ही शास्त्रीय शिकलात. तानपुऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो पियानोच्या गंधारापेक्षा किंचित उतरा असतो, आणि मेजर कॉर्डवर संपणारी जागा त्याच गंधाराने स्थिरावते. तो कान तुमच्याकडे आधीच आहे. फक्त एकच षड्ज मनात धरून अख्खी मिस्सा गाऊ नका. इथे आधार सरकत राहतो, म्हणून बासकडे कान ठेवा.

मिस्साच्या शेवटच्या भागाची, आन्युस देईची, सुरुवात फक्त सोप्रानो आणि आल्टोची आहे, म्हणजे तिथे लपायला जागा नाही. तिथे बारच्या पहिल्या मात्रेवर जोर देऊ नका. जोर "पेक्काता"तल्या "का"वर, "मिझेरेरे"तल्या मधल्या "रे"वर. शेवटच्या "दोना नोबिस पाचेम"मध्ये एक आवाज स्वर धरून ठेवतो, दुसरा हलून त्याला घासतो, मग पहिला खाली उतरतो. घासण्याच्या क्षणी बहुतेक हौशी गायक घाबरून आवाज कमी करतात. उलट तिथेच भरून गा आणि उतरताना सैल सोडा.

प्रतींच्या पहिल्या पानावर बहुधा संपादकाचं नाव असतं. दोन्ही प्रकारच्या प्रतींवरची नावं आणि क्रेदोचा पहिला स्वर इथे लिहा, म्हणजे कोणती पट्टी तुमच्या टेनरना झेपेल ते सांगता येईल. वेळ कमी पडला आणि काही गाळायचंच ठरलं, तर ग्लोरिया (देवाच्या स्तुतीचा भाग) गाळा, पण क्रेदो ठेवा.