मुंबईतले नाले रुंद केले की पाणी तुंबणं थांबेल का?

थोडं कमी होईल, थांबणार नाही. ब्रिटिशकालीन गटारं तासाला साधारण 25 मिमी पावसासाठी बांधलेली, तीही ओहोटी धरून. पावसाळी गटारं सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ही क्षमता 50 मिमी करायचं ठरलं. पण 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला, आणि कुलाब्यात जेमतेम 73! असा एकाच भागावर कोसळणारा पाऊस कुठलंच गटार वाहून नेऊ शकत नाही.

खरी गोची भरतीची आहे. समुद्र चढला की नाल्यांची तोंडं बंद होतात, मग नाला कितीही रुंद असो, पाणी जाणार कुठे? म्हणून हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह इथे पाणी पंपाने समुद्रात ढकलणारी उदंचन केंद्रं आहेत. दादरजवळचा हिंदमाता तर बशीसारखा खोलगट भाग. तिथलं पाणी आता जवळच्या मैदानांखालच्या टाक्यांत साठवतात आणि भरती ओसरली की सोडतात. पाणी लगेच पळवण्याऐवजी थोडा वेळ थोपवून धरायचं, ही कल्पना मला नाले रुंद करण्यापेक्षा शहाणपणाची वाटते.

खाडीकाठची खारफुटी, मिठागरं हेच काम फुकटात करतात. मिठी नदीचं पात्र आणि काठची खाजणं आपणच भराव घालून आवळली, वांद्रे-कुर्ला संकुल त्यावरच उभं आहे. समुद्राची पातळी वाढतेय, म्हणजे पंपांवरचा भार वाढणार. तेव्हा उरलेल्या खारफुटीत डेब्रिज टाकणाऱ्यांना आवरणं हा नालेसफाईइतकाच पावसाळ्याआधीच्या तयारीचा भाग धरायला हवा.