स्टिअरिंगला गिअर असलेली जुनी फियाट चालवायला कशी शिकावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी आजोबांची ऐंशीच्या दशकातली प्रीमियर पद्मिनी (म्हणजे फियाटच) आहे, गिअर स्टिअरिंगला आहे. तुम्ही आजवर खाली गिअर असलेल्याच गाड्या चालवल्या. पहिला टाकताना खरखर होते, दुसऱ्यावरून तिसरा सापडत नाही. गाडी नाशिकमध्ये चालवायची आहे, जमलं तर मुंबईला न्यायची आहे. हाताला सवय कशी लावायची?

सवयीचं नंतर बघू, आधी बुश बघा, म्हणजे सांध्यांत बसवलेल्या छोट्या नळ्या. हँडगिअर (स्टिअरिंगचा गिअर) अवघड असतो म्हणतात, पण त्यातला निम्मा अवघडपणा झिजलेल्या बुशांचा असतो आणि दोष मात्र शिकणाऱ्याच्या माथी येतो. गिअरची दांडी स्टिअरिंग कॉलमला धरून बॉनेटखाली उतरते. तिथून छोटे लिव्हर आणि सळया गिअरबॉक्सपर्यंत जातात. प्रत्येक सांध्यात बुश, वॉशर आणि स्प्लिट पिन असते. एकेका सांध्यात मिलिमीटरभर ढिलाई असली तरी सगळ्यांची बेरीज होऊन वर मुठीशी ती चांगली इंच-दोन इंच भरते. मग तुम्ही बरोबर जागी नेलं तरी खाली गिअर निवडणारा सिलेक्टर अर्ध्यातच थांबतो.

तपासायला दोन माणसं लागतात. इंजिन बंद, चाकांना पुढून-मागून दगड लावलेले. एकानं आत बसून क्लच दाबायचा आणि सावकाश एकेक गिअर टाकायचा, दुसऱ्यानं बॉनेट उघडून सळयांकडे बघायचं. वरची दांडी हलली आणि खालची सळई क्षणभर थांबून मग हलली, तर मधला सांधा गेलाय. बुश फार महागाचे नसतात. बदलताना वॉशर आणि स्प्लिट पिनाही नव्या टाका, जुनी पिन सरळ करून परत वापरू नका. सांधे रॉकेलनं धुऊन ग्रीस लावा. वर्षानुवर्षांची धूळ आणि ग्रीस मिळून जी काळी पेस्ट होते, तीच बुश खाते. नाशिकमध्ये भाग मिळाला नाही तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालावा लागेल.

बुशांच्या जोडीनं क्लच. पेडल हातानं दाबून बघा. साधारण इंचभर मोकळं गेलं पाहिजे, मग जड लागलं पाहिजे. मोकळा खेळ फारच जास्त असेल तर पेडल तळाला टेकूनही क्लच पूर्ण सुटत नाही आणि पहिला व रिव्हर्स दोन्ही ओरडतात. खात्री करायची तर इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही खर्रर्र आवाज आला तर क्लच ओढतोय, म्हणजे पूर्ण सुटत नाहीये, तुमच्या हाताचा दोष नाही. गिअरबॉक्सचं तेलही बघून घ्या. ९० नंबरचं, पण जीएल-४ दर्जाचं मागा. काही जीएल-५ तेलांतली रसायनं जुन्या पितळी सिंक्रो रिंगांना (दात्यांचा वेग जुळवून देणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत, आणि दुकानदार समोर असेल ते देतो.

आता नकाशा, म्हणजे कोणता गिअर कुठे. कागदावरून पाठ करू नका, इंजिन बंद ठेवून हातानं शोधा. खाली गिअर असलेल्या गाडीत नकाशा आडवा जमिनीवर असतो, इथे तोच उभा केलेला असतो. दांडी न्यूट्रलमध्ये असताना ती दोन पातळ्यांत सरकते, एक तुमच्याकडे आणि एक काचेकडे. प्रत्येक पातळीत वर एक गिअर, खाली एक. न्यूट्रलमध्ये दांडी सोडून दिलीत की आतली स्प्रिंग तिला एका पातळीत नेऊन ठेवते. बहुतेक गाड्यांत ती तिसऱ्या-चौथ्याची पातळी असते, कारण रस्त्यावर जास्त वेळ तिथेच जातो. स्प्रिंगच्या विरुद्ध ओढून किंवा ढकलून धरलीत की पहिला-दुसरा. रिव्हर्सच्या आड वेगळा अडथळा असतो, जास्त जोर लावल्याशिवाय किंवा मूठ वेगळी हलवल्याशिवाय तो ओलांडत नाही. तो कुठे आहे हे पहिल्याच दिवशी समजून घ्या, म्हणजे चुकून तिकडे जाणार नाही.

शोधलेला गिअर कोणता हे पडताळायचं कसं? सपाट जागी, इग्निशन बंद, गिअर टाकून क्लच सोडा आणि गाडीला बाहेरून ढकला. पहिल्यात ती जवळजवळ हलत नाही, चौथ्यात जोर लावला की इंजिनाला घेऊन सरकते. पहिला आणि रिव्हर्स यांत शंका असेल तर पुढेमागे गाडीभर मोकळी जागा ठेवून, इंजिन चालू करून क्लच नखभर सोडून बघा.

पद्मिनीत दांडी डाव्या हाताला येते, त्यामुळे हात बदलायचा नाही, फक्त उंची बदलायची आहे. मूठ आवळून धरू नका, मुख्य चूक तीच. आवळलेला हात एकाच वेळी वर आणि आडवा ओढतो, आणि तिरकी ओढलेली दांडी दोन पातळ्यांच्या मध्ये अडकते. तळहात उघडा ठेवा. आपल्याकडे ओढायचं तेव्हा फक्त बोटं, पलीकडे ढकलायचं तेव्हा फक्त तळव्याची कड. दुसऱ्यावरून तिसरा तुम्हाला सापडत नाही त्याचं कारण बहुधा हेच आहे. दुसऱ्यातून सरळ न्यूट्रलपर्यंत या आणि तिथे हात जवळजवळ सोडा. दांडी स्प्रिंगच्या जोरानं स्वतःच तिसऱ्याच्या पातळीत जाईल, मग तिला सरळ रेषेत गिअरमध्ये न्या. मनात ‘न्यूट्रल’ म्हणण्याइतका वेळ मध्ये गेला पाहिजे. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना उलट: न्यूट्रल, मग स्प्रिंगच्या विरुद्ध, आणि तो दाब गिअर पूर्ण पडेपर्यंत सोडायचा नाही. बंद गाडीत दहा मिनिटं एवढंच करा. क्लच दरवेळी दाबायचा, नजर समोर रस्त्यावर असल्यासारखी ठेवायची.

खरखरीचं कारण वेगळं. या गाडीला पुढचे चार गिअर, त्यात दुसरा, तिसरा, चौथा सिंक्रोचे. पहिल्याला आणि रिव्हर्सला सिंक्रो नाही. उभ्या गाडीत क्लच दाबला तरी गिअरबॉक्सच्या आतला शाफ्ट काही क्षण फिरत राहतो, चाकांकडची बाजू मात्र थांबलेली असते. फिरता दाता थांबलेल्या दात्यावर घातला की खर्रर्र. नव्या गाड्यांत हे काम सिंक्रो गुपचूप करून टाकतो, म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही. क्लच पूर्ण दाबून दोन-तीन सेकंद थांबा, मग पहिला टाका. सिग्नलला एवढी फुरसत नसेल तर क्लच दाबून आधी दुसरा गिअर टाका आणि लगेच पहिला. दुसऱ्याचा सिंक्रो तो फिरता शाफ्ट थांबवून देतो. जुने टॅक्सीवाले विचार न करता हेच करायचे. सकाळी चोक ओढलेला असताना इंजिन जोरात फिरतं, तेव्हा खरखर हमखास वाढते. इंजिन स्थिर चालू लागलं की चोक अर्धा आत करून मगच गिअर टाका.

कधी उलटं होतं: आवाज काहीच नाही, पण पहिला पडतच नाही, दांडी लाकडावर आपटल्यासारखी थांबते. दात्यावर दाता आलाय. जोर लावू नका. न्यूट्रल करा, क्लच सोडून परत दाबा, दाते थोडे सरकलेले असतात, मग पडतो.

चालत्या गाडीत पहिल्यावर यायचं असेल तर डबल क्लच. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, थोडी रेस द्या, क्लच परत दाबा आणि पहिला टाका. हे दहाच्या वेगाखालीच. शहरातल्या स्पीडब्रेकरवर त्याची गरज सहसा पडत नाही, चालण्याच्या गतीवर दुसऱ्यात ही गाडी उठते. इंजिन १०८९ सीसीचंच आहे, पण खालून ओढायला बरं. वर जाताना साधारण अंदाज: पहिला फक्त गाडी हलवायला, १० पर्यंत. दुसरा २५ पर्यंत, तिसरा ४५ पर्यंत, पुढे चौथा. चौथ्यात ३५ च्या खाली गेलात आणि गाडी थरथरू लागली की तिसऱ्यावर या. अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसू नका.

सराव कुठे करायचा? सिंहस्थाची कामं चालू नसतील तेव्हा तपोवनाकडची मोकळी जागा चांगली. तिथे फक्त पहिला-दुसरा-तिसरा आणि थांबणं. मग पहाटे गंगापूर रोड. होळकर पुलावरून मालेगाव स्टँडचा चढ शेवटी घ्या, कारण तिथे मागची रिक्षा बंपरला चिकटून उभी राहते. चढावर हँडब्रेक ओढून, पहिला टाकून, क्लच चावू लागला आणि बॉनेट किंचित उचललं गेलं की मगच हँडब्रेक सोडायचा. चढावर जाण्याआधी तो हँडब्रेक धरतो की नुसता शोभेचा आहे, हे सपाटीवर पाहून घ्या. स्टिअरिंगला पॉवर नाही, उभ्या गाडीत चाक वळवायला जाल तर हात भरून येतील. गाडी थोडी सरकवत वळवा.

आता मुंबई, म्हणजे कसारा घाट. जाताना उतार, येताना चढ. उतरताना गिअर घाट सुरू होण्याआधी ठरवायचा आणि तिथेच राहायचं. ही गोष्ट या गाडीत इतर गाड्यांपेक्षा जास्त महत्त्वाची आहे. उतारावर घाईत तिसऱ्यावरून दुसरा टाकताना दांडी मध्ये अडकली, तर तुम्ही न्यूट्रलमध्ये आहात, वेग वाढतोय आणि प्रत्येक सेकंदाला दुसरा गिअर पडणं अवघड होतंय. पहिल्याला तर सिंक्रोच नाही. म्हणून वरच दुसरा किंवा तिसरा धरा, ज्या गिअरनं ती गाडी तोच घाट चढली असती तो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरण्याची जुनी खोड कुणी शिकवली तर हात जोडा. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आहेत. सतत पाय ठेवलात की ते तापतात, पेडल खोल जाऊ लागतं आणि गाडी धरत नाही. अशा वेळी बाजूला घेऊन निवू द्या, तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका.

चढताना मे महिन्यात दुसरा त्रास. गाडी झटके देत बंद पडते आणि स्टार्टर मारूनही घेत नाही. बहुतेक वेळा पेट्रोल पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते. पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असल्यामुळे तो तापतो. बॉनेट उघडा, ओलं फडकं पंपावर आणि नळीवर गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. पाणी सायलेन्सरच्या तापलेल्या मॅनिफोल्डवर पडू देऊ नका, ओतीव लोखंड तडकतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त असतं, त्यानं जुनं रबर फुगतं आणि चिरतं. तेव्हा निघण्याआधी पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) आणि रबरी नळ्या नव्या करून घ्या.

दोन खुणा गॅरेजच्या. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की गिअर सुटून न्यूट्रलला येत असेल, तर मिस्त्री लगेच गिअरबॉक्स उतरवायचं म्हणेल. त्याला आधी लिंकेज, म्हणजे त्या सळयांची जोडणी, जुळवायला सांगा. सळईची लांबी चुकली असेल तर गिअर पूर्ण आत बसत नाही आणि मग उडतो. ते करूनही उडाला तर गिअर जागेवर धरणारी आतली गोळी-स्प्रिंग किंवा दाते झिजलेत, तेव्हा उघडा.

आणि नाशिकच्या द्वारका चौकात दांडी कुठल्याच बाजूला हलेना, तर घाबरून झटके देऊ नका, सळई वाकेल. इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, बॉनेट उघडा. शेजारच्याला क्लच दाबून दांडी अलगद हलवत ठेवायला सांगा आणि तुम्ही खाली गिअरबॉक्सच्या बाजूचा लिव्हर हातानं न्यूट्रलकडे ढकला. सायलेन्सरचा पाइप जवळच असतो, हाताला जाड फडकं गुंडाळा. तरीही सुटला नाही तर हँडब्रेक सोडून गाडी इंचभर पुढेमागे हलवा, दात्यांवरचा दाब जातो आणि तो खट्कन सुटतो. त्यानंतर पुढचे चार-सहा गिअर सावकाश बदला, आणि घरी गेल्यावर ते बुश बदलायला टाका.