आधी मेडिक्लेम, मग राणीछाप रुपया

प्रश्न : वय ५६, कोथरूडला राहतो. जुन्या नाण्यांचा नाद आहे. एका व्यापाऱ्याकडे चांदीच्या ४० रुपयांचा संच आहे, राणीछापपासून सहाव्या जॉर्जपर्यंत. त्यात १९३९चा दुर्मिळ रुपयाही आहे. किंमत ३ लाख, पाच वर्षांत दुप्पट होतील म्हणतो. घ्यावा का? बचत खात्यात तेवढे आहेत. बँकेतल्या माणसाच्या सांगण्यावरून यंदा मेडिक्लेमचे ४५ हजार भरले नाहीत, ते पैसे वायाच जातात. त्याऐवजी वर्षाला १ लाखाची पॉलिसी घेतली. १२ वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षअखेर बोनससह १८ लाख. पत्नीला मधुमेह आहे.

उत्तर : पत्र वाचून मी नाण्यांचा विषय बाजूला ठेवला आणि आधी तुम्हाला फोन केला. मेडिक्लेमची तारीख उलटून नऊ दिवस झाले होते, नव्या पॉलिसीची कागदपत्रं हातात येऊन अठरा. म्हणजे दोन्ही गोष्टी अजून सुधारता येतात.

वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. त्यात भरलात तर जुन्या पॉलिसीचं सातत्य टिकतं. मधल्या दिवसांतला खर्च मात्र मिळत नाही, म्हणून आजच भरा. ती मुदत गेली आणि नव्यानं पॉलिसी घ्यावी लागली, तर वहिनींच्या मधुमेहाशी निगडित आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. एका अँजिओप्लास्टीला तीन-चार लाख सहज लागतात. ४५ हजार वाया जातात म्हणे! आजारी पडला नाहीत म्हणून ते परत आले नाहीत, आणि हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं. मला याचा संताप येतो.

आता ती पॉलिसी. १२ लाख भरून १८ लाख, ऐकायला दीडपट. पण पैसे सरासरी साडेनऊ वर्षं अडकतात, म्हणजे व्याज पडलं सव्वाचार टक्के. त्यातही बोनसची खात्री नाही. कागदपत्रं मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बँकेतला माणूस ‘साहेब, थोडं थांबा’ म्हणेल. थांबू नका.

नाण्यांचं थोडक्यात सांगते. १९३९पर्यंतच्या रुपयात ११.६६ ग्रॅमपैकी साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. किलोला दोन लाख भाव धरला तर ४० नाण्यांची चांदी ८५ हजारांची. उरलेले दोन लाख पंधरा हजार दुर्मिळतेचे, आणि ती बहुतेक त्या एका १९३९च्या रुपयावर उभी. १९४०पासून रुपयात चांदी निम्मीच आली, पण वजन तेच राहिलं. त्यामुळे नंतरच्या रुपयावरची तारीख खोडून १९३९ केलेली नक्कल तराजूवर पकडता येत नाही. व्यापाऱ्याशी संबंध नसलेल्या जाणकाराकडून तपासल्याशिवाय त्याला हात लावू नका. दुपटीचं म्हणाल, तर विकताना व्यापारी पाऊणच भाव देतो असं धरा; मग सहा लाख हातात पडायला बाजारभाव वर्षाला बावीस टक्क्यांनी वाढायला हवा.

नाद मात्र सोडू नका. १८३५मध्ये कंपनी सरकारनं एकसारखा रुपया आणण्याआधी पुण्यात अंकुशाचं चिन्ह असलेला अंकुशी रुपया चालायचा, आणि परगावच्या रुपयावर सराफ बट्टा कापायचे. असा एक अंकुशी महिन्याच्या खर्चातून घ्या, चिंच लावून घासू नका, नातवंडांना दाखवा. ते ३ लाख बचत खात्यातच राहू द्या, अडीअडचणीला तेवढेच आहेत तुमच्याकडे.