पाऊस मंडळात पडला, माझ्या रानात का नाही?

ऑगस्ट संपत आला की पत्रांचा सूर बदलतो. जूनमध्ये ‘पेरू का’ असं विचारणारे आता ‘वाचेल का’ विचारतात. त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न : आमच्या महसूल मंडळात सरासरीच्या 110 टक्के पाऊस झाल्याचं पेपरात आलंय. माझं पाच एकर सोयाबीन मात्र ऐन शेंगा भरताना दुपारी माना टाकतंय. सर, खोटं कोण बोलतंय? (औसा, जि. लातूर)

खोटं कुणीच बोलत नाही. पेपरातला आकडा म्हणजे 1 जूनपासूनची बेरीज, आणि बेरजेत खंड दिसत नाही. समजा, जुलैतल्या दोन रात्रींत 180 मिलिमीटर कोसळला आणि नंतर बावीस दिवस उघाड राहिली, तरी बेरीज भरघोसच दिसते. त्यातलं बरंचसं पाणी तर त्याच रात्री ओढ्याने गेलं. म्हणून टक्केवारी सोडा आणि पावसाचे दिवस मोजा. हवामान खात्याच्या हिशेबात 24 तासांत किमान 2.5 मिलिमीटर पडला तरच तो ‘पावसाचा दिवस’.

शिवाय मंडळात गावं बरीच आणि यंत्र बहुधा एकच. राज्याच्या महावेध प्रकल्पात दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं बसली ही मोठी गोष्ट आहे. पण बैलाचं एक शिंग ओलं, एक कोरडं, असं म्हातारी माणसं म्हणायची ते उगाच नाही. यंत्राची निगा हा आणखी वेगळा विषय. एका गावात मी पर्जन्यमापकाचं झाकण काढून बघितलं, तर नरसाळ्यात कडुलिंबाचा पाला दाबून बसलेला. खालची थेंब मोजून कलंडणारी वाटी ठणठणीत कोरडी, आणि बाहेर चिखल!

रानात स्वतःचा मापक ठेवा. तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं, सरळ भिंतीचं भांडं घ्या. झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर, उघड्यावर रोवा. खातं रोज सकाळी साडेआठला नोंद घेतं, तुम्हीही तीच वेळ धरा. पट्टी बुडवा, आकडा वहीत लिहा, पाणी ओता. 1 मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर. 10 मिलिमीटरची एक सर म्हणजे एकरी सुमारे 40 हजार लिटर. ही वही पंचनाम्याला चालत नाही, अतिवृष्टीसाठी मंडळातल्या केंद्रावरची 65 मिलिमीटरची नोंदच बघतात. पण यंत्राबद्दल तक्रार करायची तर वही हाताशी असलेली बरी.

आता सोयाबीनचं. विहिरीला थोडंही पाणी असेल तर तुषारने एक संरक्षित पाणी द्या, शेंगा भरताना त्याचं मोल सगळ्यात जास्त. नसेल तर पोटॅशियम नायट्रेट 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम घेऊन फवारा. त्याने ताण थोडा सुसह्य होतो, पाण्याची जागा ते घेत नाही. कोळपं मात्र या वयात घालू नका, मुळ्या तुटतील.

प्रश्न : ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ ऐकून मी फवारणी थांबवली आणि थेंबही पडला नाही. हे तुरळक म्हणजे नेमकं किती? (मेहकर, जि. बुलढाणा)

त्याला माप आहे, पण ते फारसं कुणी सांगत नाही. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊण हिश्शापर्यंत, त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. म्हणजे तुमच्यासारख्या चार गावांतली निदान तीन कोरडी राहणार, असंच त्या दिवशी सांगितलं होतं. ‘मुसळधार’ हा पावसाच्या जोराचा शब्द आहे, 64.5 मिलिमीटरपासून पुढे. फवारणी ठरवताना कृषी विद्यापीठांतून मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी सल्ला पत्रिका बघा, तिच्यात वारा आणि आर्द्रताही असते.

प्रश्न : मोबाइलवरच्या उपग्रह नकाशात माझं रान हिरवंगार दिसतं. प्रत्यक्षात निम्मं तण आहे! (कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर)

उपग्रहाला तण आणि पीक यांतला फरक सहजी कळत नाही. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं. या दोहोंच्या फरकावरून वनस्पती निर्देशांक काढतात. गाजरगवतही तेच करतं. सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटरचा, म्हणजे साधारण एक गुंठा. त्या गुंठ्यातलं सगळं हिरवं एकत्र मोजलं जातं.

वर पावसाळ्यात ढग आडवे येतात. ढगांतून बघायला रडार लागतं. आपला ईओएस-04 हा रडार उपग्रह त्याच कामासाठी फेब्रुवारी 2022 मध्ये गेला.

तरी नकाशा टाकाऊ नाही. शेजाऱ्याशी तुलना करू नका, आपल्याच रानाचा गेल्या वर्षीचा हाच आठवडा काढून बघा. मध्येच फिका पट्टा दिसला तर तिथे पायी जा. सरकारही असंच करतं: 2016 च्या दुष्काळ संहितेत पाऊस, निर्देशांक, जमिनीतली ओल बघून झाल्यावर गावांत जाऊन पडताळणी करावीच लागते. 2023 मध्ये 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तो या संहितेच्या निकषांवर.

प्रश्न : एल निनोच्या वर्षी सोयाबीन टाळावं का? (वाशीम)

एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं, त्याने आपला पाऊस बहुधा घटतो. पण नुसत्या नावाला भिऊन नको. 1997 चा एल निनो बलाढ्य होता, तरी देशात पाऊस सरासरीच्या 102 टक्के झाला. 2002 चा त्यापेक्षा सौम्य, आणि पाऊस 81 टक्के. 2023 ला हंगाम 94 टक्क्यांवर थांबला, पण त्यातला ऑगस्ट 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा होता, 36 टक्के तूट. धोका असा मध्येच येतो. म्हणून अशा वर्षी लवकर येणारा वाण आणि तुरीचं आंतरपीक, चार ओळी सोयाबीन आणि दोन तूर.

प्रश्न : उत्तरा नक्षत्राचं वाहन बघून रब्बी ज्वारी पेरली तर चालेल का? (मंगळवेढा, जि. सोलापूर)

नक्षत्र चालेल, वाहन नको. उत्तरा 13 सप्टेंबरच्या सुमारास लागतं, आणि कोरडवाहू ज्वारीची शिफारस 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर अशीच आहे. नक्षत्र हे सूर्याचं कॅलेंडर आहे, ते हंगामाशी जुळणारच. वाहन, म्हणजे नक्षत्राला जोडलेला बेडूक, म्हैस असा प्राणी, पंचांगाच्या गणितातून येतं, त्याचा ढगाशी संबंध नाही.

वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, हाताने बघा. वीतभर खालची माती मुठीत दाबा. तळहात ओला झाला तर थांबा. गोळा वळला आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर तिफण जोडा, बी पाच सेंटिमीटर खोल जाऊ द्या. गोळाच वळत नसेल तर हस्ताची वाट बघा. रान हलकं असेल तर मालदांडी वाणाचा हट्ट सोडून फुले अनुराधा हा वाण घ्या.